छत्र, झारी आणि महारठी

केळणा नदीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते असईच्या लढाईपुरते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तिच्या काठावर शिंदे-भोसल्यांची फौज मोडली आणि पुढच्या पंधरा वर्षांत दख्खनचा धनी बदलला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. याच नदीकाठच्या भोकरदनला त्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी धनी बदलण्याचा एक मोठा खेळ होऊन गेला होता. त्याची लढाई कोणी लिहून ठेवलेली नाही, विजेत्याचा पुतळा नाही की हरलेल्याचा पोवाडा नाही. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने तिथल्या पांढरीत उत्खनन केले, तेव्हा सातवाहनपूर्व काळापासूनची वस्ती थरांनिशी उघडी पडली. पण मार्कंडेय पुराणात दक्षिणापथातल्या लोकांची यादी येते, तिथे अश्मकांच्या शेजारी ‘भोगवर्धन’ हे लोकांचे नाव म्हणून येते. म्हणजे आज ज्याला आपण तालुक्याचे गाव समजतो, ते पुराणकारांच्या लेखी एका जनसमूहाचे नाव होते. एखाद्या जनसमूहाचे गाव होते, गावाचे शहर होते आणि त्या शहरावर कुठल्यातरी लांबच्या राजाचा अंमल बसतो, तेव्हा मूळच्या जमातीचे नेमके काय होते? माझे म्हणणे असे की ती पुसली जात नाही. तिच्या शिरावर बसलेली घराणी राज्याकडे वळतात, वाढतात, श्रीमंत होतात. तुटतो तो या घराण्यांचा आणि त्यांच्या माणसांचा एकमेकांवरचा हक्क.

सातवाहनांच्या आधीचा दख्खन हा राजाविना पडलेला मुलूख नव्हता, पण एका राजाचाही नव्हता. अशोकाच्या पाचव्या आणि तेराव्या शिलालेखांत रठिक, भोज, पेतेनिक, आंध्र, पुलिंद अशी नावे येतात. ही प्रांतांची नावे नाहीत, लोकांची आहेत. मौर्य सम्राटाला आपल्या राज्याचा हा भाग मोजताना माणसांचे समूहच मोजावे लागत होते. भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफेतला खारवेल राजाचा लेख याहून बोलका आहे. आपल्या राज्याच्या चौथ्या वर्षी सगळ्या रठिकांना आणि भोजकांना पायाशी नमवले, त्यांची छत्रे आणि झाऱ्या फेकायला लावल्या, त्यांची रत्ने हिरावून घेतली, असे तो सांगतो. बढाईखोर राजाच्या लेखातला हा तपशील असला तरी बढाई कशाची मारली जाते हे पाहण्यासारखे आहे. छत्र आणि झारी ही मानाची चिन्हे. ती एकाच्या नव्हे तर ‘सगळ्या’ रठिकांच्या जवळ होती. म्हणजे इथे अनेक प्रमुख होते, प्रत्येकाचा आपापला मान होता आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक जण नव्हता.

या प्रमुखांचे त्यांच्या माणसांशी नाते कसे होते, हे शिलालेख सांगत नाहीत. ते विदर्भातली शिळावर्तुळे थोडेफार सांगतात. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथल्या उत्खननांत (आणि ही तिन्ही कामे ज्यांच्या हातून झाली तेच देव पुढे-मागे भोकरदनलाही होते, हा योगायोग विसरू नये) घोड्यांची दफने मिळाली. घोड्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम, माणसाजवळ लोखंडी हत्यारे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला हा समाज आपल्या प्रमुखाची संपत्ती त्याच्याबरोबर जमिनीत घालत होता. आजच्या हिशेबी मनाला ही निव्वळ नासाडी वाटते. पण सगळ्या गोतासमोर घोडा मारणे, दगड ओढून आणणे, जेवणावळ उठवणे हा त्या प्रमुखाच्या घराण्याचा जाहीर खर्च होता आणि तो आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत, आपल्याच शिवारात होत होता. भोकरदनच्या, म्हणजे जालन्याच्या पट्ट्यात विदर्भासारखी शिळावर्तुळे दाट नाहीत. तरी पूर्वेला लागून असलेल्या मुलखातला हा पुरावा बाजूला सारून मराठवाड्याच्या आधीच्या समाजाची कल्पनाच करता येत नाही.

आता युरोपकडे पाहू, कारण तिथे हीच गोष्ट अधिक उजेडात घडली. जर्मनीतल्या होखडॉर्फला इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमारास पुरलेला केल्टिक प्रमुख चारचाकी गाडा, काशाचा मंचक, मोठी कढई आणि मद्यपानाची नऊ शिंगे घेऊन गेला. तिथेही संपत्ती जमिनीत आणि मेजवानी सगळ्यांसमोर. पुढे पाचशे वर्षांनी ज्यूलियस सीझर गॉलमध्ये शिरला तेव्हा त्याने लिहिले की, ऑर्गेटोरिक्स नावाच्या हेल्वेटी प्रमुखावर खटला उभा राहिला, तर तो आपली दहा हजार माणसे आणि त्यांशिवाय सगळे ऋणको आणि आश्रित घेऊन न्यायसभेपुढे आला. आकडा शत्रूने सांगितलेला आहे, तेव्हा तो हातचा राखूनच घ्यावा. पण रीत खोटी नाही. प्रमुख संकटात आला की आश्रितांनी उभे राहायचे आणि आश्रित अडला की प्रमुखाने. इसवी सनापूर्वी ५२ मध्ये अलेसियाला वर्सिंजेटोरिक्स शरण आला आणि गॉल रोमन झाले. शाळेच्या पुस्तकात केल्ट तिथेच संपतात.

ते संपले नाहीत, याचा सर्वांत सुबक पुरावा पश्चिम फ्रान्समधल्या सँत गावच्या कमानीवर कोरलेला आहे. इसवी सन १८-१९ च्या सुमारास ती उभारणाऱ्याने आपले चार पिढ्यांचे कूळ तिच्यावर सांगितले आहे. पणजा एपोत्सोरोविदुस. त्याच्या नावात रोमन काही नाही. आजोबा गायुस युलियुस गेदोमो, बाप गायुस युलियुस ओतुआनेउनुस. दोघांनी जिंकणाऱ्याचे नाव पुढे लावले आणि घरचे नाव मागे ठेवले. आणि स्वतः कमानवाला गायुस युलियुस रूफुस, अख्खा रोमन. सत्तरेक वर्षांत एवढा प्रवास. हाच रूफुस लिऑंच्या संगमावरच्या रोम आणि ऑगस्टसच्या वेदीचा पुरोहित होता आणि तिथले रंगमंडल बांधण्याचा खर्चही त्यानेच उचलला. त्या वेदीचा पहिला पुरोहित, इसवी सनापूर्वी १२ मध्ये, एडुई जमातीचा एक गॉलच होता. पणजोबाचे घराणे मोडले नाही, त्याची मिळकत बुडाली नाही, मानही गेला नाही. फक्त खर्च करण्याची जागा बदलली. पणजोबाने आपल्या माणसांना जेवू घातले असते. पणतू ते धन शेकडो मैलांवर साठ जमातींच्या वेदीशेजारी, सम्राटाच्या नजरेत भरेल अशा ठिकाणी ओतत होता.

नाणेघाटात याच जातीचे एक दृश्य आहे, नव्हे होते. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजकुलाचे पुतळे ओळीने कोरलेले होते. आज पायांच्या खुणा आणि वरची नावे एवढेच उरले आहे. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (नागनिका) आणि राजा सिरि सातकनि, राजकुमार, आणि या राजघराण्याच्या ओळीतच ‘महारठी त्रनकयिरो’. बहुतेक अभ्यासक त्याला नागनिकेचा बाप मानतात. राजाचा सासरा राजाच्या पंगतीत उभा आहे, पदवी मात्र आपलीच लावून. खारवेलाने ज्यांच्या झाऱ्या फेकायला लावल्या त्या रठिकांपैकीच एक घर इथे सोयरीक करून ‘महा’रठी झालेले दिसते. आणि शेजारच्या भिंतीवरच्या लांबलचक लेखात नागनिकेच्या काळातल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, हजारोंनी कार्षापण. माहुरझरीचा घोडा जमिनीत गेला होता, नाणेघाटचा घोडा दक्षिणेत गेला. या दोन घोड्यांच्या मधे जे घडले, तोच माझ्या लेखाचा विषय.

इथे एक आक्षेप सहज येतो. महारठी ही पदवी राजानेच दिलेली कशावरून नाही? आज कलेक्टर जसा सरकारचा, तसा तेव्हा महारठी राजाचा अंमलदार असेल. त्याला जमातीचा वारस ठरवणे हा इतिहासकारांचा हौशी उद्योग. आक्षेपात तथ्य आहे इतकेच की सगळे महारठी एकाच साच्याचे नसावेत. पण पुरावा उलट बाजूने जड आहे. रठिक हे नाव अशोकाच्या लेखात, म्हणजे सातवाहनांचा मागमूस नसताना आलेले आहे. सातवाहनांचे खरे अंमलदार वेगळ्या नावाने ओळखले जातात: अमात्य. नाशिकच्या लेखांत सातवाहन राजा गौतमीपुत्राने गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेले हुकूम आहेत, आणि काही वर्षांतच तिथला अमात्य बदललेला दिसतो. बदलीची नोकरी. महारठी बदलत नाहीत. कार्ल्याच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेव वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्खुसंघाला गाव देतो. त्याचा बाप मितदेव, तोही महारठी. दानाचे वर्ष राजाच्या गणतीने सांगितले आहे, पण गाव सोमदेव स्वतः देतो, आणि त्यावरच्या करांसकट देतो. जे आपले नाही त्याचे कर कोणी दान करत नाही. कर्नाटकातल्या चित्रदुर्ग भागात तर ‘सदकन कळलाय महारठी’ या नावाची शिशाची नाणी मिळाली आहेत. सरकारी नोकर स्वतःच्या नावाची नाणी पाडत नसतो.

मात्र याच लेखांत दिशेचा तो बदल दिसतो जो सँतच्या कमानीत दिसला. कार्ल्याच्या दारातला सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणकाचा. भाज्याचे पाण्याचे टाके कोसिकीपुत्र महारठी विण्हुदत्ताचे. गोती, कौशिकी, वासिष्ठी. आईच्या वैदिक गोत्राने ओळख सांगण्याची ही रीत सातवाहन राजांचीही होती. त्रनकयिरोसारखे रांगडे, कुठल्याच पोथीत न बसणारे नाव दोनेकशे वर्षांत मागे पडले आणि मित्रदेव, सोमदेव, विष्णुदत्त आले. दान कुठे होते आहे तेही पाहावे. बोरघाट, नाणेघाट, म्हणजे बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांवर, आणि घेणारा संघ कुठल्याच गोताचा नाही. तिथे महारठीच्या शेजारी धेनुकाकट या गावचा गंधिक दार कोरवतो, धेनुकाकटचे यवन खांब देतात. या सोबतीत महारठी हा मोठा दाता आहे, पण दात्यांतला एक आहे. गावाकडे कोणासाठी तो काय करत होता, याचा एकही लेख नाही. आणि लेख कोरणाऱ्या माणसाला काय जगाला दाखवावेसे वाटते यावरून त्याचे तोंड कोणीकडे वळले आहे ते कळते.

हे सगळे वरच्या थरातले, सामान्य माणसाचे काय, असे विचारणे रास्त आहे, आणि यासाठीच भोकरदनच्या पांढरीकडे परत यावे लागते. तिथे सापडलेल्या वस्तूंत मौल्यवान दगडांचे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती आणि सातवाहन नाणी आहेत. सगळ्यांत गाजली ती हस्तिदंताची एक भग्न मूर्ती: मधे अलंकार ल्यालेली स्त्री आणि दोन्ही बाजूंना लहान सेविका. अशीच, पण जवळजवळ अभंग मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या एका घरात मिळाली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. तेरलाही तिची बहीण मिळाली. पाँपेईची मूर्ती नेमकी कुठल्या गावी घडली यावर विद्वानांचे वाद आहेत. काहींचा कौल भोकरदन-तेरच्या पट्ट्याला, काहींचा उत्तरेला. मला त्या वादाच्या निकालापेक्षा एवढेच महत्त्वाचे वाटते की ज्या गावाचे नाव पुराणात एका जमातीचे म्हणून आले, त्याच गावात एका ठरीव घडणीची चैनीची वस्तू होती. अशी वस्तू गोतातल्या मानापानासाठी घडत नाही, बाजारासाठी घडते. ‘पेरिप्लस’मध्ये पैठणहून गोमेद-अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत घालून भरुकच्छला नेत असल्याची नोंद आहे, पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर. पैठणहून अजिंठ्याचा डोंगर ओलांडून उज्जयिनी-विदिशेकडे जाणाराच्या वाटेत भोगवर्धन पडे.

आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला भोगवर्धनची माणसे सापडतात. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाची नोंद आणि राजा सिरि सातकनिच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे दान, दोन्ही आहेत. दान देणारा भोगवर्धनवाला मी अमुक गोताचा, तमुक प्रमुखाचा माणूस असे सांगत नाही. तो गाव सांगतो. नाशिकच्या लेण्यांत दाते आपला धंदा सांगतात, त्यांत मुगुदास नावाचा एक मासेमारही आहे. उषवदात नावाच्या दात्याने तर तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमचे ठेवले, व्याजातून भिक्खूंची चीवरे निघावीत म्हणून. अडल्यानडल्याला ज्या प्रमुखाकडे जायचे, त्याच्या जागी ठेव सांभाळणारी श्रेणी आली. प्रमुख वर सरकला तशी माणसे आडवी सरकली, गोतातून गावात आणि धंद्यात. त्यांचे नुकसानच झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आश्रिताचे जिणे काही सुखाचे नसते, आणि ज्याच्या हातात मण्यांचे काम आहे त्याला छत्र-झारीवाल्याची गरज कमीच. पण ज्याच्या हातात तसले काम नव्हते, जो नुसता नांगर धरत होता, त्याच्या मागे आता कोण उभे होते? सोमदेवाने गाव करांसकट देऊन टाकले तेव्हा त्या गावकऱ्यांना कोणी विचारले असेल, असे त्या लेखात काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. रोमन हे परके, लॅटिन बोलणारे, सैन्य घेऊन आलेले. सातवाहन इथलेच, प्राकृत बोलणारे. मग तुलना कशाची? फरक खरा आहे आणि त्याचे परिणामही खरे आहेत. गॉलमध्ये काही शतकांत गॉलांची भाषा मेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कोलिन्यीचे काशाचे पंचांग गॉल भाषेत कोरले जात होते, पुढे तीही खूण उरली नाही. इथे उलट झाले. दख्खनचे प्राकृत राजाश्रयाने फुलले, हालाच्या नावावरचा गाथासंग्रह त्याच काळाशी जोडला जातो. गॉलांना रोमन नागरिकत्व ही एक दाखवण्याजोगी मिळकत होती, इथे तसे काही नव्हते. इथे सोयरीक होती. पण जिंकणारा आपला की परका, यावर जमातीच्या आतले नाते टिकणे अवलंबून नव्हते असे दोन्हीकडचा पुरावा शेजारी ठेवल्यावर दिसते. गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेखात आपल्या मुलाला असिक, असक, मुळक, विदर्भ, अपरांत अशा मुलखांचा राजा म्हटले आहे. नावे जुन्या जनांचीच. गौतमीपुत्राने क्षत्रियांचा दर्प मोडला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, असेही ती आई अभिमानाने सांगते. आपल्याच माणसाने जिंकले तरी नव्या राजवटीला माणसे वर्णांत लावून हवी होती, गोतांत नव्हे.

या सगळ्यात जे सामावले नाहीत त्यांची गोष्ट वेगळीच झाली. अशोकाने तेराव्या लेखात आटविकांना, म्हणजे रानातल्या लोकांना, पश्चात्तापाची भाषा बोलता बोलताच दमही दिला आहे: देवांच्या प्रियाजवळ बळ अजून आहे. ज्यांच्यात छत्र-झारीचे प्रमुख होते त्यांच्याशी सोयरीक झाली. ज्यांच्यात एवढा उंच माणूसच नव्हता त्यांच्याशी राज्याला बोलणीच करता येईनात. भोकरदनच्या उत्तरेचा अजिंठ्याचा डोंगर पुढेही तसाच राहिला. रोमनांना स्कॉटलंडच्या डोंगरात जे झेपले नाही, ते दख्खनच्या कुठल्याच राजवटीला या डोंगरात नीट झेपले नाही. इंग्रजांनी १८२५ मध्ये औट्रमच्या हाताखाली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्ल नाईकांना तनखे बांधून दिले. तऱ्हा जुनीच. आधी वर उचलण्याजोगा एक माणूस शोधायचा, मग त्याला मान द्यायचा.

सातवाहन तिसऱ्या शतकात संपले, महारठी लगेच संपले नाहीत. कान्हेरीच्या एका लेखात नागमूलनिका ही दात्री राजाची मुलगी, महारठीची बायको आणि महाभोजाची बहीण म्हणून येते; अशोकाच्या यादीतली दोन्ही नावे, रठिक आणि भोज, तिच्या नात्यागोत्यात पदव्या होऊन बसली आहेत. त्यानंतर ही घराणी लेखांतून दिसेनाशी होतात. चौथ्या शतकातला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीमला मिळाला. त्यात नंदिकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तरेकडच्या मार्गावरचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे. त्या गावाला कोणत्या सवलती आणि सैनिकांनी-अंमलदारांनी तिथे कोणता त्रास द्यायचा नाही, हे तपशिलाने सांगितले आहे. घेणाऱ्यांची गोत्रे एकेक करून दिली आहेत. देणारा राजा आहे, मधे कोणी महारठी नाही.